चार एकरांची शेती आणि एक बैलजोडी: नवख्यांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

पुण्यातली नोकरी सोडून, किंवा ती सांभाळून, वडिलोपार्जित जमीन पुन्हा कसायला घेणारी बरीच मंडळी अलीकडे पुरंदर, भोर, खेड, जुन्नर या तालुक्यांत दिसतात. त्यांपैकी अनेकांना बैलजोडी ठेवावीशी वाटते. कोणाला लहानपणच्या आठवणीमुळे, कोणाला शेणखतासाठी, तर कोणाला ट्रॅक्टरवाल्याची वाट बघून वाफसा (मशागत-पेरणीजोगी ओल) हातचा गेल्यामुळे. मी सासवडच्या पूर्वेला साडेचार एकर जमीन बैलांवर कसतो आणि मला असे मनापासून वाटते की लहान शेताला बैलजोडी आजही परवडते. मात्र तिच्याकडून योग्य ती कामे घ्यायला हवीत आणि प्रत्येक निर्णय बैलाच्या खांद्याकडे बघून घ्यायला हवा. खांदा म्हणजे मानेचा तो भाग, जिथे वशिंडाच्या पुढे जू टेकते. घोड्याला ओढकामासाठी गळपट्टा आणि साज लागतो; आपल्या बैलाला वशिंडामुळे साधे लाकडी जू पुरते. पण सगळा भार त्या वीतभर जागेवर येत असल्याने ती जागा बिघडली की सारे काम थांबते.

बाजाराआधी वैरणीचा हिशेब

बैल बघायला जाण्याआधी वही घेऊन बसावे. साधारण चारशे किलो वजनाच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो कडबा आणि दहा किलोच्या आसपास हिरवा चारा लागतो. जोडीचा नुसता कडबा धरला तरी वर्षाला पावणेपाच टनांच्या आसपास जातो. कोरडवाहू रब्बी ज्वारीचा एक एकर, जमीन मध्यम असेल आणि परतीचा पाऊस बरा झाला असेल, तर दीड ते दोन टन कडबा देतो. म्हणजे निव्वळ ज्वारीवर जोडी पोसायची झाल्यास अडीच-तीन एकर त्यातच गेले. हे गणित अनेकांना बैल दारात आल्यावर उमगते आणि मग फेब्रुवारीपासून शेकड्याच्या भावाने कडबा विकत घ्यावा लागतो.

यातून वाट निघते. बाजरीचे सरमाड, वाटाण्याचा व भुईमुगाचा पाला, बांधावरचा मारवेल आणि विहिरीच्या कडेला दोन-तीन गुंठे यशवंत किंवा जयवंत गवत एवढी जोड दिली, तर कडब्याची गरज बरीच खाली येते. भोर, मुळशी, मावळाकडे भाताचा पेंढा मुबलक असतो, पण तो कसाला कमी असतो. शंभर किलो पेंढ्यावर चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात विरघळवलेला चार किलो युरिया सारखा शिंपडून, थर दाबून, प्लॅस्टिकखाली एकवीस दिवस हवाबंद ठेवला तर तो मऊ आणि अधिक पचनी पडणारा होतो. युरिया पूर्ण विरघळला आहे याची खात्री करूनच तो शिंपडावा आणि उरलेले द्रावण जनावराच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे, कारण युरियाचे पाणी प्यायलेले जनावर दगावते.

जमीन तीन एकरांपेक्षा कमी असेल तर माझा स्पष्ट सल्ला असा की स्वतःची पूर्ण जोडी घेऊ नये. एक बैल आपला आणि एक शेजाऱ्याचा अशी सावड करावी. आपल्याकडे ही रीत जुनी आहे आणि दोन्ही घरांच्या जमिनी जवळ असल्या तर ती उत्तम चालते. फक्त पेरणीच्या दिवसांत पाळी कोणाची पहिली, हे आधीच ठरवून ठेवावे.

वैरणीइतकाच दुसरा प्रश्न माणसाचा आहे. चार एकरांत बैलांना प्रत्यक्ष काम वर्षातून अडीच-तीन महिन्यांचे असते, पण शेण, पाणी आणि वैरण ३६५ दिवस करावी लागते. ज्यांना शनिवार-रविवारीच शेतावर यायचे आहे, त्यांनी कायम गोठ्यावर राहणारा भरवशाचा माणूस मिळेपर्यंत थांबावे.

कोणते काम बैलांचे आणि कोणते नाही

खोल नांगरट ट्रॅक्टरला द्यावी. उन्हाळ्यात कडक झालेली जमीन दोन बैलांनी फोडायची म्हणजे दिवसाला अर्धा-पाऊण एकर होते, त्यात जोडी मोडते आणि माणूसही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हापासून या भागात तो चार-चार, सहा-सहा बैल लावून चालवला जात असे, तोही सावडीनेच. आज ते काम तीन वर्षांतून एकदा भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

बैलांचे खरे काम त्यानंतर सुरू होते. कुळवणी (ढेकळे फोडून जमीन मोकळी करणे), पाभरीने म्हणजे पेरणीच्या औताने पेरणी, कोळपणी (पिकाच्या ओळींमधले तण कापणे), भातखाचरातली चिखलणी, शेणखत आणि वैरण वाहणे, अंजीर-सिताफळाच्या बागेत झाडांच्या ओळींमधून हलके औत फिरवणे, ही सगळी कामे लहान, वेळेवर करायची आणि वारंवार येणारी असतात. पाऊस उघडल्यावर ज्या वाफशावर ट्रॅक्टर रुततो किंवा जमीन दाबून बसवतो, त्या वाफशावर बैल दोन दिवस आधी शेतात जातात. कोरडवाहू शेतीत त्या दोन दिवसांवर उगवण ठरते.

जोडी निवडताना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात खिल्लार बैलाला तोड नाही. माणदेशातून, आटपाडी-म्हसवडच्या पट्ट्यातून आलेली ही जात उंच, पांढरी-करडी, काटक आणि झपझप चालणारी आहे, पण तापट आहे आणि नवख्या हाताला लवकर जुमानत नाही. पश्चिमेकडच्या मुसळधार पावसात आणि चिखलात डांगी बैल अधिक टिकतो. तो नाशिक आणि नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातला, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याची कातडी तेलकट असल्याने पाऊस निथळून जातो आणि खूर कठीण असतात. चालीला तो संथ असला तरी स्वभावाने शांत असतो. नवख्याने सरळ जातिवंत खिल्लारामागे न लागता गावठी किंवा मिश्र जातीची, सहा-सात वर्षांची, कामाला सरावलेली जोडी घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. जुन्या बैलाला औताचे वळण तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते आणि पहिल्या वर्षी तोच तुम्हाला शिकवतो.

शर्यतीच्या घरातले खोंड (तरुण बैल) शेतीसाठी घेऊ नये. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली, त्यानंतर पळणाऱ्या बैलांचे भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. शिवाय ज्याला धावायला शिकवले आहे, त्याला कोळप्याच्या चालीवर आणणे जिकिरीचे होते.

बाजार बघायचा तर चाकणचा शनिवारचा बाजार आणि जुन्नर तालुक्यातला बेल्ह्याचा सोमवारचा बाजार जवळचे आहेत. पहिल्या खेपेला पैसे न घेता जावे आणि नुसते बघावे. रुमालाखाली बोटे धरून होणारे सौदे, दलालांची लगबग आणि गुलाल उधळून सजवलेली जनावरे यांनी नवखा माणूस भांबावून जातो. आमच्या शेजारचे आबा, ज्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा बाजारात गेलो, ते म्हणाले होते, "पोरा, दात शेवटी बघ. आधी त्याला चालताना बघ, मागून बघ, आणि मग खांद्यावर हात फिरव." तोच क्रम मी आजही पाळतो.

चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या थोडा पुढे पडावा. एखादा पाय ओढत असेल, खूर दगडाला घासत असेल, किंवा वळताना बैल कुशीला थरथरत असेल, तर पुढे जाऊ नये. मागून बघताना दोन्ही माकडहाडे एका पातळीत दिसावीत. मग मानेवरचे केस उलटे फिरवून खांद्याची कातडी बघावी. जुना घट्टा असणे स्वाभाविक आहे आणि तो काम केल्याची खूण आहे, पण त्याखाली हाताला मऊ, हलणारी गाठ लागली किंवा दाबताच बैलाने मान काढून घेतली, तर तो खांदा आधीच गेलेला आहे. शिंगांच्या बुडाशीही हात लावावा. एक शिंग दुसऱ्यापेक्षा गरम लागणे, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येणे, बैलाने सारखे डोके झटकणे ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात.

त्यानंतर दात बघावेत. बैलाच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात. खालचे आठ बघायचे. दुधाचे दात असलेला तो आदत, अडीच वर्षांच्या आसपास पहिले दोन पक्के दात आले की दुसा, मग चौसा, मग सहादाती आणि पाच वर्षांच्या सुमाराला आठही दात आले की जुळलेला. जुळल्यानंतरचे वय दात किती झिजले आहेत आणि त्यांच्यामधल्या फटी किती वाढल्या आहेत, यावरून अंदाजाने काढावे लागते आणि त्यासाठी अनुभवी माणूस बरोबर हवाच.

जोडी म्हणून बघताना उंची आणि चालीचा वेग सारखा असावा. रंग जुळला नाही तरी चालते, पण उंचीत चार बोटांहून अधिक फरक असेल तर जू कायम एका बाजूला कलते आणि बुटक्या बैलाचा खांदा सोलतो. कोणता बैल उजवीकडे जुंपायच्या सवयीचा आहे आणि कोणता डावीकडे, हे विकणाऱ्याला विचारून, शक्य असेल तर तिथेच जुंपून बघावे. बाजू बदलली तर चांगले बैलही आठवडाभर अडतात. कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद तपासून, ती आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये; राज्यात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे.

जू, वेसण आणि कासरा

जू गावच्या सुताराकडून, आपल्या जोडीच्या मानेचे माप देऊन करून घ्यावे. तयार जू स्वस्त पडते, पण ते कोणाच्याच मानेचे नसते. लाकूड हलके आणि चिवट असावे आणि मानेवर टेकणारी जागा खालून गोल, तासून गुळगुळीत केलेली असावी. नवे जू आल्यावर मी त्या जागेवरून उघडा तळहात दोन्ही दिशांनी जोर देऊन फिरवतो. हाताला कुठेही कंगोरा किंवा कूस टोचली तर ती काचेच्या तुकड्याने खरडून, वर गोडेतेल चोळून, दोन दिवस सावलीत ठेवतो. जी गोष्ट तळहाताला एका मिनिटात टोचते, ती मानेला चार तासांत कापते. शिवळा, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना जुवात बसवलेल्या खुंट्या, इतक्या अंतरावर असाव्यात की बैलाची मान आणि शिवळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दोन बोटे सहज जातील. गळ्याखालून बांधायची जुपणी सुती किंवा चामड्याची, रुंद पट्ट्याची असावी. नायलॉनची दोरी ओली झाली की कातडीत रुतते, म्हणून ती गोठ्यातसुद्धा वापरू नये.

वेसण ही बैलाशी बोलायची वस्तू आहे, त्याला ओढायची नव्हे. वेसणीला हिसका देणारा माणूस दोन महिन्यांत बैलाचे नाक निबर करून ठेवतो आणि मग त्याला रोज अधिक जोर लावावा लागतो. कासरा (वेसणीला बांधलेली हाकायची दोरी) हातात सैल असावा, वळताना आतल्या बाजूचा कासरा हळूच घ्यावा आणि त्याच क्षणी आवाज द्यावा. कोणता आवाज थांबायचा, कोणता चालायचा, कोणता वळायचा, हे ज्याच्याकडून जोडी घेतली त्याच्याकडूनच शिकून घ्यावे, कारण दर गावाचा हुंकार वेगळा असतो आणि बैलाला तुमच्या गावचा अजून ठाऊक नसतो. टोकदार पराणी वापरू नये. ती कायद्याने निषिद्ध आहे आणि टोचल्याने बैल पुढे जातो तो घाबरून, ओढण्यासाठी नव्हे.

पहिला महिना

जोडी घरी आणल्यावर आठ दिवस काहीही काम घेऊ नये. नव्या जागेचे पाणी, नवी वैरण आणि नवी माणसे यांची ओळख होऊ द्यावी. रोज सकाळी स्वतः वैरण टाकावी, अंगावरून खरारा फिरवावा, चारही पाय उचलून बघावेत. या आठ दिवसांत बैल तुमचा वास आणि आवाज ओळखू लागतो.

नवव्या दिवशी नुसते जू ठेवून, मागे काहीही न जोडता, बांधाबांधाने अर्धा तास फिरवावे. दोन-तीन दिवसांनी जुवाला मागे एखादा हलका ओंडका किंवा लाकडी फळी जोडून मोकळ्या रानात तास (औताची सरळ ओळ) काढण्याचा सराव करावा. इथे बैलांचा सराव कमी आणि आपला अधिक होतो, कारण सरळ तास घेताना नजर औतावर नव्हे तर समोरच्या बांधावरच्या एखाद्या झाडावर ठेवायची असते, आणि हे अंगात भिनायला वेळ लागतो. माझा पहिला आठवडा मान खाली घालून चालण्यात गेला आणि शेतात सापासारखे वळणदार तास पडले. काम दुसऱ्या आठवड्यात घड्याळी एक तास, तिसऱ्यात दोन तास, असे वाढवत चौथ्या आठवड्याअखेर सकाळच्या तीन-चार तासांच्या कामापर्यंत जावे. हाच क्रम दरवर्षी उन्हाळ्याच्या विश्रांतीनंतरही पाळायचा आहे. तो न पाळल्याने काय होते, ते पुढे सांगतो.

रोजची कामे

काम सकाळी उजाडताच सुरू करावे आणि उन्हाळ्यात दहा-साडेदहाला, पावसाळ्यात अकरा-बाराला सोडावे. ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, तसेच तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपता येत नाही. मला स्वतःला ही मर्यादाही जास्त वाटते. माझ्याकडे सलग अडीच तासांनंतर अर्धा तास जू उतरतेच. जुंपण्याआधी दीड-दोन तास पोटभर वैरण झालेली असावी आणि बैलाने रवंथ केलेला असावा. भरल्या पोटी लगेच जुंपले तर तो धापा टाकतो.

कुळवणी हे शिकायला सर्वांत सोपे काम आहे. कुळवाची पास (जमिनीत चालणारे लोखंडी पाते) ढेकळांखाली दोन-तीन बोटे सरकत राहावी. ती वर उडू लागली तर रुमण्यावर (हातात धरायच्या मुठीवर) थोडा भार द्यावा, आणि बैलांना जड जाऊ लागली तर दांडी जुवाला जिथे बांधली आहे ते अंतर थोडे कमी करावे, म्हणजे ओढ वरच्या बाजूला होते आणि पास उथळ चालते. सरावलेली जोडी दिवसाला दोन-अडीच एकर कुळवते.

पाभरीला दोन माणसे लागतात, एक औताला आणि एक चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या पेल्यावर. चाड्यावर मूठ धरणे हे हाताचे काम आहे आणि ते गावातल्या एखाद्या जाणत्या बाईकडून किंवा आजोबांकडून, शेजारी चालत शिकावे. आमच्याकडे अजूनही चाड्यावर माझी चुलती असते. बी मुठीतून बोटांच्या फटीने सारखे सुटत राहिले पाहिजे आणि वळणावर मूठ बंद झाली पाहिजे, नाहीतर बांधाच्या कडेला बी दाट पडते आणि मधे ओळ मोकळी राहते. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरावी.

कोळपणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बैल ठेवण्याचे सार माझ्या मते तिच्यात आहे. ज्वारीला तीन कोळपण्या द्यायच्या असतात: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. पहिल्या वेळी रोपे लहान असतात, म्हणून मधे फट असलेली पास दोन्ही बाजूंचे तण कापते आणि माती रोपांवर चढू देत नाही. दुसऱ्या वेळी मातीचा वरचा थर पूर्ण मोकळा करायचा असतो. तिसऱ्या वेळेपर्यंत काळ्या-मध्यम जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात आणि दातेरी कोळपे त्या भेगा मातीने बुजवते. जमिनीतली ओल याच भेगांमधून उडून जाते. रब्बीत पाऊस नसताना हे काम वेळेवर झाले, तर एका हलक्या पाण्याइतका फायदा पिकाला होतो, अशी आमच्याकडच्या जुन्या माणसांची ठाम समजूत आहे आणि माझे पीकही तेच सांगते.

कोळपणीचे जू नेहमीच्या जुवाहून लांब असते. दोन्ही बैल पिकाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यातून चालले पाहिजेत, म्हणून दोघांच्या मानांमधले अंतर ओळींच्या अंतराच्या पटीत ठेवतात. ४५ सेंटिमीटरच्या ओळींना ते १३५ किंवा १८० सेंटिमीटर येते. तोंडाला मुसकी बांधायला विसरू नये, आणि ती केवळ पीक वाचावे म्हणून नव्हे. कोवळ्या, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य असते आणि चार घास खाल्लेला बैल अर्ध्या तासात आडवा पडू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे.

गाडीच्या बाबतीत एकच गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे भाराचा तोल. भार कण्याच्या मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि जुपणी बैलांच्या गळ्याला आवळते. भार फार पुढे आला की सगळे वजन खांद्यावर बसते. गाडी भरून झाल्यावर जुंपण्याआधी दांडी दोन्ही हातांनी उचलून बघावी. ती एका माणसाला थोड्या कष्टाने उचलता आली तर तोल बरोबर आहे. टायरच्या गाडीला ओढ हलकी लागते, पण उतारावर ती बैलांच्या अंगावर येते, तेव्हा उतारावर माणसाने गाडीतून उतरून बैलांच्या पुढे चालावे. लांब चढावर भार निम्मा करावा. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे पुण्याच्या लोकांनी पाहिलेलेच आहे.

खांदा

माझ्या दुसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस लवकर आला. बैल एप्रिलपासून दावणीला होते. वाफसा हातचा जाईल या घाईने मी त्यांना सरावाशिवाय जुंपले आणि बारीक झिमझिमीत सलग दोन दिवस सहा-सहा तास कुळव हाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जू उतरवताना डावीकडच्या बैलाच्या मानेवर लिंबाएवढी सूज दिसली. मी तेल चोळले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जुंपले. सूज नारळाएवढी झाली, आत पू धरला आणि तो बैल पाच आठवडे कामातून गेला. त्या खरिपाची बाजरी मी शेजाऱ्याच्या जोडीवर, आठ दिवस उशिरा पेरली. बैलाने त्या काळात एकदाही मान वर करून वैरण ओढली नाही, मी टोपली त्याच्या तोंडापाशी धरायचो.

हे का होते ते समजले की टाळता येते. विश्रांतीत घट्टा मऊ पडतो. ओल्या कातडीवर ओले लाकूड घासले की वरचा थर सोलतो आणि खालच्या मांसाला दणके बसून तिथे पाणी साठते. म्हणून हंगामाआधी पंधरा दिवस हलका सराव द्यावा, पाऊस चालू असताना जू ठेवू नये, आणि रोज काम संपल्यावर मान थंड पाण्याने धुऊन, कोरडी करून, बोटांनी चाचपावी. जरा गरम लागली किंवा सुजली, तर पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, सूज पूर्ण उतरेपर्यंत जू ठेवू नये आणि दोन दिवसांत फरक दिसला नाही तर पशुवैद्यकाला दाखवावे. गाठ स्वतः फोडू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद आणि तूप लावून खांदेमळणी करतो, तोच हात वर्षभर रोज फिरवायचा आहे.

आजार, लसी आणि खुराक

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा आणि लंपीची वर्षातून एकदा, गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यावी. लस टोचल्यावर आठवडाभर जड काम देऊ नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. कामाच्या दिवसांत प्रत्येक बैलाला एक ते दोन किलो पेंड किंवा भरडा, पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडे मीठ द्यावे. पाणी चाळीस-पन्नास लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. डांबरी रस्त्यावर जाणे होत असेल तर नालबंदाकडून खुरांना पत्री मारून घ्यावी. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने जोडीला सोळा पत्र्या लागतात. निरोगी बैलाचे नाक ओलसर असते. सकाळी नाक कोरडे दिसले आणि वैरण तशीच पडली असेल, तर त्या दिवशी काम नाही.

बैल थकल्यावर

नीट जपलेला बैल बारा-तेरा वर्षांपर्यंत काम देतो आणि त्यानंतरही काही वर्षे जगतो. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला विकून मोकळे होण्याचा मार्ग प्रामाणिक माणसाला उरलेला नाही. वैरणीचा हिशेब करताना ही वर्षेही त्यात धरावीत. जोडी नऊ-दहा वर्षांची झाली की एक आदत गोऱ्हा आणून वाढवायला घ्यावा, तो दुसा झाला की खच्ची करून घ्यावा, आणि चौसा होईपर्यंत त्याला जुन्या बैलाच्या जोडीने हलक्या कामाला लावावे. ज्या बैलाचा खांदा मी बिघडवला होता, त्याच्याच शेजारी या वर्षी आमचा नवा खोंड जुंपला आहे. वळणावर खोंड बिचकला की म्हातारा जागच्या जागी थांबतो, तो सरळ होईपर्यंत उभा राहतो आणि मग पुढचे तास धरतो.